बाटली उरलीय, तिचं करायचं काय?

घरोघरच्या शंका : प्रश्न वाचकांचे, उत्तरं ताईंची

श्रावण लागला की आमच्याकडे दरवर्षी ठरलेले प्रश्न येतात, साबुदाणा गोळा का होतो, वरीचे तांदूळ कडू का लागतात वगैरे. यंदा मेल उघडला तर निम्मी पत्रं दारूवर. प्यायच्या नाही, टाकायच्या! गटारी झाली, काहीबाही उरलं, आता गणपती यायचेत, शोकेस मोकळा करायचाय, आणि कोणाला विचारायची सोय नाही कारण विचारलं की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो "टाकताय कशाला, माझ्याकडे पाठवा". म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांना विषयच आवडला नाही त्यांनी पुढच्या अंकात या, मोदकांवर आहे.

ताई, माझे सासरे मर्चंट नेव्हीत होते, ते जाऊन आता वर्ष होईल. हॉलमध्ये त्यांचा शोकेस आहे, त्यात बाटल्याच बाटल्या. काही सीलबंद, काही अर्ध्या, आणि एका नक्षीदार काचेच्या सुरईत काहीतरी चॉकलेटी रंगाचं. घरात आता कोणीच पीत नाही. नवरा म्हणतो महागाच्या आहेत, विकूया. जाऊबाई म्हणतात वाईन शॉपवाला परत घेईल. मला फक्त गणपतीच्या आधी शोकेस मोकळा हवाय. मोरीत ओतलं तर पाइप खराब होतो का, आणि पोलिसांची काही भानगड नाही ना? – सूनबाई, गोरेगाव

विकायचं आधी डोक्यातून काढा, आणि मिस्टरांच्या डोक्यातूनही काढा. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. नाव दारूबंदी असलं तरी परवान्यांची सगळी सोय त्याच्यातच आहे, म्हणजे लायसन्सवाला विकणार आणि परमिटवाला पिणार, मधे तिसऱ्याला जागा नाही. बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकून 'रास्त किमतीत' एक बाटली दिली तरी ती बिनपरवाना विक्रीच झाली, आणि ज्या शेजाऱ्याने आज हौसेने घेतली त्याच्याशी उद्या पार्किंगवरून बिनसलं की तो मेसेज कुठे जाईल सांगता येत नाही. वाईन शॉपवाला पण हात लावणार नाही. त्याचा माल लायसन्सवाल्या होलसेलरकडूनच यावा लागतो, प्रत्येक बाटली रजिस्टरला दाखवावी लागते, तुमच्या शोकेसमधली बाटली तो कुठल्या पानावर लिहिणार.

आता परमिट. बऱ्याच जणांना माहीतच नसतं की महाराष्ट्रात नुसतं प्यायलाच नाही, जवळ बाळगायला पण परमिट लागतं. विदेशी मद्याचं एक दिवसाचं ५ रुपयांचं, वर्षाचं १०० आणि आयुष्यभराचं १००० रुपयांचं, वय बियर-वाईनला २१ पूर्ण आणि बाकी कडक मालाला २५. सासऱ्यांकडे आयुष्यभराचं असेलही, पण ते त्यांच्याच आयुष्यापुरतं होतं, फ्लॅटसारखं ते वारसाच्या नावावर होत नाही. त्यामुळे कायद्याच्या बाजूने बघितलं तरी ठेवून देण्यापेक्षा ओतून टाकणं जास्त सरळ आहे. आपल्या घरातली दारू आपल्या मोरीत ओतायला कोणाची परवानगी लागत नाही.

सीलबंद असतील त्यातली एखादी कोणा नातेवाइकाला द्यायचीच असेल तर ज्याच्याकडे स्वतःचं परमिट आहे आणि ज्याचं पिणं त्याच्या बायकोमुलांना जड जात नाही अशालाच द्या, आणि पैसे घेऊ नका. असा माणूस पटकन आठवत नसेल तर तेच उत्तर समजा.

राहता राहिलं 'महागाच्या आहेत'. होत्या. १२ वर्षांची व्हिस्की तुमच्या शोकेसमध्ये २० वर्षं उभी राहिली म्हणून ३२ वर्षांची होत नाही, मुरायचं ते लाकडी पिंपात मुरतं, काचेत भरली की मुरणं संपलं. सील न तोडलेली व्हिस्की, रम, ब्रँडी खराब होत नाही हे खरं, पण उघडलेली अर्धी बाटली वर्ष-दोन वर्षांत वास सोडायला लागते, कारण बाटलीत जेवढी दारू कमी तेवढी हवा जास्त. बुचाची बाटली असेल तर बूच सुकून भुगा पण होतं. सासऱ्यांनी ड्यूटी फ्री मधून कितीला आणली तो हिशोब त्यांच्याबरोबर गेला, आता तिची किंमत शोकेसमधल्या जागेएवढी.

ती नक्षीदार सुरई मात्र वेगळी बाब आहे, तिच्याबद्दल नीट वाचा. जुन्या क्रिस्टलच्या काचेत शिसं असतं, त्यानेच तिला ती चमक आणि वजन येतं, आणि दारू त्यात महिनोन्‌महिने राहिली की ते शिसं हळूहळू दारूत उतरतं. म्हणून सुरईतलं ते चॉकलेटी जे काही आहे ते कोणाला द्यायचं नाही, चाखायचं नाही, केकमध्ये पण घालायचं नाही. ओता आणि सुरई धुऊन शोभेला ठेवा, सासऱ्यांची आठवण म्हणून ती बाटल्यांपेक्षा छान दिसेल.

आता ओतायचं कसं. दारू पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळते आणि ड्रेनेजमधले जंतू ती खाऊन टाकतात, घरगुती चार-सहा बाटल्यांनी पाइपला काही होत नाही. पण घाई नको. ४० टक्क्यांच्या दारूची वाफ साधारण २६ डिग्रीच्या पुढे ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते, आणि मुंबईतलं स्वयंपाकघर २६ डिग्रीच्या खाली कधी असतं ते मला दाखवा. म्हणून सिंकमध्ये ओतणार असाल तर आधी शेजारचा गॅस बंद, देवघर स्वयंपाकघरातच असेल तर निरांजन-उदबत्ती शांत झालेली, खिडकी उघडी, एक्झॉस्ट आधीच चालू करून ठेवलेला, नळ सोडलेला, आणि एक बाटली झाली की थोडं पाणी जाऊ द्यायचं आणि मग दुसरी. मला विचाराल तर कमोड बरा, ओतायचं आणि फ्लश करायचं. फक्त त्या दिवशी कमोडमध्ये ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर टाकून ठेवलेलं नसू दे. ब्लीच आणि अल्कोहोल एकत्र आलं की त्यातून क्लोरोफॉर्म तयार होऊ शकतो, आणि बंद बाथरूममध्ये ते हुंगत उभं राहायची हौस कोणाला नसावी.

बिल्डिंगखाली जाऊन पावसाळी गटारात ओतू नका. लोक बायकांचा नाहीतर वॉचमनचा डोळा चुकवून तेच करतात. संडास-मोरीचं पाणी पालिकेच्या मलवाहिनीतून जातं, कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप असे त्याचे सात विभाग आहेत आणि पुढे त्यावर काहीतरी प्रक्रिया होते. रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराचं पाणी मात्र नाल्यातून थेट खाडीत नाहीतर समुद्रात. आणि गावाकडे किंवा वसई-विरारच्या बाजूला बंगला असेल, सेप्टिक टँक असेल, तर सगळ्या बाटल्या एका दिवशी नकोत, टाकीतले जंतू मरतात, चार-पाच दिवस गेले की एक अशा ओता.

वास दिवसभर राहील. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ओतू नका. दारूचं काही नाही हो, माणसाचं असतं.

आयरिश क्रीमची बाटली फ्रीजच्या मागे सापडली, दोन वर्षं झाली असतील, आत दह्यासारख्या गुठळ्या झाल्यात. फेकू का? – एक वाचक, अंधेरी

हो. त्यात दुधाची साय आहे, व्हिस्कीसारखं ते कायम टिकत नाही. उघडल्यावर सहा महिन्यांत संपवायचं असतं. सिंकमध्ये ओतू नका, फॅट पाइपला चिकटून बसतं, कमोडमध्ये ओता आणि दोनदा फ्लश करा. बाटली गरम पाण्याने धुवा नाहीतर मुंग्यांची वारी निघेल.

नाशिकहून आणलेली रेड वाईन अर्धी उरली, फ्रीजमध्ये तीन आठवडे पडून आहे, आता आंबट वास येतोय. मैत्रीण म्हणते व्हिनेगर झालं, लोणच्यात घाल. आणि स्वयंपाकात वाईन घातली की शिजताना अल्कोहोल उडून जातं ना, मुलांना चालेल ना? – मुलुंड

दोन प्रश्न आहेत आणि दोन्हीत थोडं थोडं खरं आहे. उघडलेली वाईन तीन-पाच दिवस चांगली, मग हवेतले जंतू त्यातल्या अल्कोहोलचं असेटिक ॲसिड करायला लागतात, म्हणजेच व्हिनेगरकडे प्रवास सुरू. फ्रीजमध्ये तो फार हळू होतो त्यामुळे तुमचं आत्ता जे आहे ते धड वाईनही नाही आणि धड व्हिनेगरही नाही. खरंच करून बघायचं असेल तर रुंद तोंडाच्या बरणीत वाईन घ्या, उकळून गार केलेलं जवळपास तेवढंच पाणी घाला कारण १२-१३ टक्के अल्कोहोल त्या जंतूंना जड जातं, तोंडाला मलमलचं फडकं बांधा (झाकण नको, हवा पाहिजे), आणि फ्रीजबाहेर अंधाऱ्या कपाटात विसरून जा. दीड-दोन महिन्यांत वर एक जाडसर साय धरते, घाबरू नका, तीच ती व्हिनेगरची आई. केसाळ हिरवी-काळी बुरशी आली तर मात्र सगळं फेकायचं. सॅलडवर, काकडीवर छान लागतं. पण लोणच्यात नको! लोणचं टिकवायला ठराविक आंबटपणा लागतो, विकतच्या बाटलीवर तो छापलेला असतो, घरच्याचा किती आहे ते कळायला मार्ग नाही, आणि अख्ख्या वर्षाचं लोणचं त्याच्यावर लावायचं म्हणजे जुगार. व्हिस्की-रमचं व्हिनेगर होईल का असंही एकाने विचारलंय, नाही होणार, एवढ्या कडक मालात ते जंतू जगतच नाहीत.

शिजताना उडून जातं हे अर्धंच खरं. अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं म्हणून लोकांना वाटतं एक उकळी आली की संपलं. पण ते पाण्यात मिसळलेलं असतं, सहजासहजी सोडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक तक्ता आहे, त्यात १५ मिनिटं शिजवलं तर ४० टक्के अल्कोहोल शिल्लक, अर्ध्या तासाने ३५, एका तासाने २५, आणि अडीच तासांनी कुठे ५ टक्क्यांवर येतं. हॉटेलात ते भांड्याला आग लावून दाखवतात ना, त्यात तर ७५ टक्के तसंच राहतं, नुसता तमाशा. म्हणजे मटणाच्या पातेल्यात अर्धी वाटी वाईन घालून दोन-अडीच तास मंद आचेवर ठेवलं आणि सहा जणांनी खाल्लं तर हिशोब नगण्य आहे, पण शेवटच्या पाच मिनिटांत सॉसमध्ये ओतली तर ती वाईनच आहे. लहान मुलं, गरोदर बाई, दारू सोडलेला माणूस, ज्याच्या धर्मात दारू चालत नाही असा पाहुणा, यापैकी कोणी पानावर असेल तर घालू नका, किंवा निदान आधी सांगा.

रम असती तर मी काहीच बोलले नसते. काळ्या रमचा एकच सुंदर उपयोग आहे तो म्हणजे नाताळचा केक. वांद्र्याला, वसईला, गिरगावातल्या खोताच्या वाडीत ज्यांच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं ते काजू-मनुका-टुटीफ्रुटी कितीतरी आधीपासून रममध्ये भिजत घालतात. आत्ता बरणी भरून ठेवलीत तर डिसेंबरपर्यंत मस्त मुरेल. कोरडा चमचा, घट्ट झाकण, बरणीवर ठसठशीत अक्षरात 'रम आहे' लिहून मुलांचा हात पोचणार नाही तिथे.

करोनापासून एक सवय आहे, सॅनिटायझर संपला की व्होडका वापरतो. शिवाय काच पुसायला पण. उरलेली व्होडका अशी संपवली तर बरोबर ना? – परळ

हातांना नाही, काचेला हो. जंतू मारायला अल्कोहोल निदान ६० टक्के लागतं आणि आपल्याकडच्या बाटलीवर बघा, ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही हात ओले करून समाधान मिळवत होतात. काच, आरसा, स्टीलचा नळ, डब्यावरचा स्टिकर निघाल्यावर राहिलेला चिकटा, याला व्होडका उत्तम, रंग नाही साखर नाही. रम-ब्रँडीने पुसायला जाऊ नका, डागाला डाग लागतो. आजोबांच्या जुन्या सागवानी कपाटाला अजिबात नाही. त्याचं पॉलिश लाखेचं असतं, लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच ते मारलेलं असतं, त्यामुळे व्होडकाचं फडकं फिरवलंत की पॉलिश फडक्यात. आणि चालू शेगडीजवळ, देवघराजवळ फवारू नका, ते वर सांगितलंच.

आम्ही उरलेली बाटली नेहमी वॉचमनला नाहीतर कामवाल्या मावशींच्या मिस्टरांना देतो. टाकण्यापेक्षा कोणाच्या तरी उपयोगी पडते. यात चूक काय? – दादर

यावर किमान पाच-सहा पत्रं आहेत, सगळ्यांच्या मनात तेच की अन्न वाया घालवू नये. पण हे अन्न नाही ना. उरलेली पोळी दिली तर कोणाचं पोट भरतं, उरलेला अर्धा खंबा दिला तर काय होतं त्याचा विचार त्या मावशींच्या बाजूने करून बघा. त्या तुमच्याकडे सकाळी येतात, भांडी घासतात, नवऱ्याच्या पिण्यावरून कधीतरी डोळ्यात पाणी आणून बोलतात, आणि महिनाअखेरीला तुम्हीच त्यांच्या हातात पिशवी देता. त्या नाही कशा म्हणतील? वॉचमनचं तर आणखी सोपं आहे. रात्री गेटवर तो शुद्धीवर असावा म्हणून सोसायटी त्याला पगार देते आणि त्याच रात्री त्याला बाटली सोसायटीतूनच मिळते. उद्या काही घडलं तर प्यायलेला वॉचमन म्हणून नोकरी त्याची जाईल, देणाऱ्याचं नाव कोणी काढणार नाही. परमिट त्याच्याकडेही नसतं, ते वेगळंच.

मला स्पष्ट वाटतं की आपल्याला दारू नको असते असं नाही, आपल्याला ती फेकल्याची टोचणी नको असते, म्हणून आपण ती दुसऱ्याच्या शरीरात फेकतो. द्यायचंच असेल तर श्रावणात मिठाईचा पुडा द्या, पैसे द्या. बाटली मोरीत.

नातू चार महिन्यांचा आहे, सर्दी झालीय. घरात ब्रँडी पडूनच आहे. आमच्या वेळी बाळाला चमचाभर ब्रँडी मधातून चाटवायचे, छातीला चोळायचे. सून ऐकत नाही. – आजी, गिरगाव

आजी, रागावू नका, पण मी सुनेच्या बाजूने आहे आणि का ते आकड्यात सांगते. एका छोट्या चमच्यात ५ मिली ब्रँडी, त्यात साधारण २ मिली शुद्ध अल्कोहोल. बाळ ६ किलोचं धरलं तर त्याच्या रक्तात ते दर १०० मिलीला ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसाला कायद्याने मर्यादा ३० ची आहे! म्हणजे तुमचा नातू नाकाबंदीत सापडला असता. बाळ शांत झोपतं ते बरं वाटून नाही, चढल्यामुळे झोपतं. त्या वयात लिव्हर तयार नसतं, रक्तातली साखर एकदम खाली येते आणि फिट येऊ शकते. चोळू पण नका, बाळाची कातडी पातळ असते, त्यातून आत जातं आणि वाफ नाकात जाते ती वेगळी. मध सुद्धा वर्षाच्या आत नको. मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब डॉक्टरांना विचारून घाला आणि बाळ दूध ओढत नसेल किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर लगेच दवाखाना.

तुम्हाला स्वतःला थंडीत ब्रँडीने ऊब येते असं वाटतं ना, ती पण फसवी. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून वरून गरम वाटतं आणि आतली ऊब उलट बाहेर जाते.

सावंतवाडीहून भाच्याने पाण्याच्या बाटलीत भरून काजूची फेणी आणली, म्हणाला गोव्याच्या ओळखीच्या माणसाकडून घेतली. लेबल वगैरे काही नाही. कोणी पिणार नाही, पण चांगली असेल तर टाकवत नाही. – बोरिवली

टाकवा. काजूची फेणी चांगली गोष्ट आहे, गोव्याने तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन पण मिळवलंय, पण ती लेबलच्या बाटलीतली. प्लास्टिकच्या बाटलीत काय आहे ते भाच्याला माहीत नाही आणि ओळखीच्या माणसालाही असेलच असं नाही. भेसळीच्या दारूत मिथेनॉल म्हणून विषारी अल्कोहोल असू शकतं, त्याला वेगळा वास नाही, वेगळा रंग नाही, चव पण दारूसारखीच, आणि ते आधी डोळे घेतं मग जीव. मुंबईला हे सांगायला नको खरंतर, २००४ मध्ये विक्रोळीला आणि २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत काय झालं ते आपण बघितलंय, मालवणीत तर विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. आणि भाच्याला सांगा, गोव्याचा माल महाराष्ट्राचा कर न भरता हद्दीच्या अलीकडे आणणं हा गुन्हा आहे, बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा नाका उगीच नाहीये.

बियरचे टिन एक्स्पायर झाले. केसांना लावू की झाडांना घालू? – चेंबूर

केसांचं तुमचं तुम्ही बघा, वास जाईपर्यंत लोकलमध्ये बायका लांब बसतील. झाडांना नको, मुळांना त्रास होतो आणि साखरेने कुंडीत चिलटं होतात. पावसाळ्यात बाल्कनीत गोगलगायी येत असतील तर एका खोलगट झाकणात बियर ओतून रात्री कुंडीशेजारी ठेवा, वासाने येतात आणि त्यात पडतात. घरात कुत्रा-मांजर असेल तर हा उद्योग करू नका, त्यांना थोडी दारू सुद्धा विष आहे. बाकीचे टिन मोरीत, हळूहळू, फेस येतो.

नवरा रोज पितो, आता सकाळपासूनच सुरू असतं, नाही मिळाली की हात थरथरतात. माळ्यावर, वॉशिंग मशीनमागे, बाथरूमच्या गीझरवर, सगळीकडे बाटल्या सापडतात. ते गावी गेलेत, परवा येतील. सगळ्या ओतून टाकू का? एकदाची सुटका होईल. – भांडुप

ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि उत्तर लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. हात थरथरतात असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगते, एकदम सगळं बंद होईल असं काही करू नका. जो माणूस वर्षानुवर्षं रोज आणि सकाळपासून पितो त्याच्या शरीराला त्याची सवय लागलेली असते, अचानक तुटलं तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होणं, नसलेली माणसं दिसणं, ताप, घाम, नाडी जोरात असं सुरू होऊ शकतं, त्यात जीवही जातो. हे औषधांनी टाळता येतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून आधी दवाखाना, मग बाटल्या.

ते यायच्या आधीच्या या दोन दिवसांत फोन करून घ्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्याची, दोन्हीकडे फोन फुकट आहे. सायन, केईएम, नायर या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून आधी तुम्ही एकट्या जाऊन बोललात तरी चालेल. दाखल करायची वेळ आली तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतंय. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांचा गट, त्यांच्या मीटिंगा मुंबईत ठिकठिकाणी होतात, फी नसते, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळ्या असतात. ते जावोत न जावोत, तुम्ही जाऊन या. तिथे बसलेल्या बायकांना गीझरवरची बाटली समजावून सांगावी लागत नाही.

उपचार सुरू झाले, डॉक्टर म्हणाले की मग घरातला थेंबन्‌थेंब ओतायचा, तेव्हा पाहुण्यांसाठी म्हणून एक सुद्धा ठेवायची नाही, खोकल्याचं औषध आणि आफ्टरशेव्ह पण डॉक्टरांना दाखवा. ओतताना ते घरात नसू देत, त्या वासाने सगळं परत उसळतं. आणि ते प्यायलेले असताना त्यांच्यासमोर बाटली हिसकावून ओतायची नाही, राग तुमच्या अंगावर येईल. मारहाण होत असेल तर १८१ आणि ११२ लक्षात ठेवा, मुलांनाही पाठ करून द्या. बाटल्या आणायला मुलांना पाठवायचं मात्र आजपासून बंद.

सगळं ओतून झालं. आता रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला दिल्या तर चालतील ना? काही तर फारच सुंदर आहेत. – विलेपार्ले

द्या, पण तशाच देऊ नका. परदेशी व्हिस्कीची रिकामी बाटली, त्यात झाकण आणि खोक्यासकट असेल तर नकली माल भरणाऱ्यांना ती सोन्यासारखी, त्यात स्वस्त दारू नाहीतर आणखी काही भरतात आणि सील मारून परत बाजारात. म्हणून लेबल पाण्यात भिजवून खरवडून काढा किंवा मार्करने चांगलं गिरबटा, खोका फाडून टाका, झाकण पक्कडीने चेपून वेगळ्या दिवशी सुक्या कचऱ्यात. बाटली फोडायची नाही, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागते. ज्या फारच सुंदर आहेत त्या धुऊन मनी प्लांट लावा, पण त्यात फिनेल, ॲसिड, रॉकेल कधीही भरून ठेवू नका, कोणीतरी दारू समजून तोंडाला लावतं. आणि बाटल्यांची पिशवी लिफ्टमधून नेताना एवढं लाजायचं काही कारण नाही, समोरच्या फ्लॅटवाल्यांची पण असते, ते रात्री बारानंतर नेतात.